कोरसातला मागचा आवाज

“माका मोठ्यान नको, शेट. माका मागचो आवाज ऐकूचो आसा.”

हे शब्द मी फार वर्षांपूर्वी ऐकले, कुडाळच्या बाजारात, परशुराम शेटच्या कॅसेटच्या दुकानात. मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. मला कान नाहीत. पण माझ्या दोन्ही वाट्यांत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आहे. जवळ कुणी बोललं की तोही हलकेच थरथरतो, म्हणून मला ऐकू येतं. कुणाच्या डोक्यावर नसतानाही येतं.

बोलणारी होती दुर्गा. मालवणजवळच्या मासेमारांच्या वाडीतली, नुकतीच बालवाडीत शिकवायला लागलेली. चांगला हेडफोन ती आयुष्यात पहिल्यांदाच घेत होती. शेटने आधी तिला स्पंजाचा हलका जोड दिला, मग चांदीसारखा चकचकीत.

“ह्यो घे. छाती धडधडता की नाय बघ.”

“छाती बसमध्येच धडधडली, शेट. दुसरो दाखवा.”

शेट नव्या सिनेमाचं गाणं लावत होता. तिने ते थांबवलं आणि पिशवीतून आपली कॅसेट काढली. शहाणी मुलगी. जे गाणं आपल्याला पाठ आहे, त्यावरच हेडफोनची खरी पारख होते. स्पंजाच्या जोडात सगळे गळे एकमेकांत कालवले गेले. चकचकीत जोडात पखवाज एवढा फुगला की गाणारे त्यात बुडाले. मग फळीवर धूळ खात पडलेला मी खाली आलो. काळा, जड, बिनशोभेचा.

“ह्यो फिको वाटता,” ती म्हणाली. आणि एकदम तिने माझ्या वाट्या कानांवर दाबून धरल्या. “शेट, परत लावा.”

कॅसेट होती देवळातल्या भजनी सप्त्याची. कार्तिकात सात दिवस भजन अखंड चालतं आणि एकेक वाडी आपला पहारा, म्हणजे गाण्याची पाळी, घेते. दुर्गाच्या वाडीचा तिन्हीसांजेचा पहारा कुणीतरी टेप करून ठेवला होता. दुर्गा तेव्हा पाळण्यात होती. तिची आई पार्वती बाजारात मासे विकायची. ती इतकंच सांगे, की तुझा बाप हरिश्चंद्र त्या पहाऱ्याला कोरसात गायला, मग दर्यात गेला तो आला नाही. बापाचा गळा कसा होता, हे दुर्गाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठी तिला मी हवा होतो.

तीर दाखव रे देवा, नाव माझी लागू दे.

ही ओळ सगळे मिळून म्हणत. आणि सगळ्यांच्या मागे, अंधारातून आल्यासारखं, कुणीतरी शेवटचं अक्षर किंचित उशिरा सोडत असे.

खात्री करायला दुर्गाने त्या पहाऱ्याला गायलेल्या बाबलीबुवांना घरी बोलावलं. म्हाताऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं.

“ह्या कानार घालूचा की गळ्यात?”

“कानार, बुवा. गळ्यात तुमच्या माळ आसा.”

बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. “हरिश्चंद्रच गो ह्यो. शेवटच्या अक्षराक वायच मागे रवता. कितींदा तेका वरडलंय.”

“म्हणजे तो होतो थंय?”

“वाडीच्या पहाऱ्याक नसान चालतला काय? आसतलोच.”

दुर्गा हसली आणि पदराने डोळे पुसले. मग बुवांनी माझी वायर काढायला लावली. टेपच्या मोठ्या आवाजात त्यांनी तीच ओळ ऐकली. टेपरेकॉर्डरला कान लावून पुन्हा ऐकली. तिथे फक्त चौघे गात होते, मागचा पाचवा नव्हता.

“कानांका वय झाला माझ्या,” असं पुटपुटत ते उठले. चहा तसाच राहिला.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची होती. दुपारी दुर्गा मला कोरड्या फडक्याने पुसायची, वायरीला पीळ पडू द्यायची नाही. एकच गोष्ट मला उमगली नाही. ती ओळ येऊन गेली की माझी कानावर टेकणारी डावी गादी ओली व्हायची. वैशाखात, वारा पडलेला असतानाही. तिला वाटे घाम. पण मित्रांनो, घाम मला ओळखू येतो. तो ऊबदार असतो.

हळूहळू कॅसेट झिजली. पेटी विरली, मग बुवांचा गळा, मग पखवाज. झिजली की सगळी टेप सारखीच झिजते. पण मागचा तो आवाज एकेक पाऊल पुढे येत राहिला.

मग घरात मोबाइल आला, त्याच्याबरोबर कानात खुपसायच्या इवल्या गोळ्या आल्या, आणि मी खिळ्यावर गेलो. गाद्यांचे पोपडे सुटले. मित्रांनो, आम्हांला निवडताना घाई करू नका. आणि निवडल्यावर खाऱ्या वाऱ्यात टांगून विसरू नका. आम्ही वस्तू असलो तरी तुम्ही ज्यांना शोधता, ते कधी कधी आमच्यातच राहायला येतात.

दोन हजार दहा सालातल्या एका दुपारी दुर्गाने मला खाली काढलं.

“आये, आज तरी ऐक.”

“माझ्या हातांक माशाचो वास. वस्तू नासात तुझी.” इतकी वर्षं पार्वतीचं हेच उत्तर होतं.

“नासलीच हा ती. आणि टेप आता तुटतली. मगे तुझो घो तुका परत ऐकूक गावाचो नाय.”

पार्वती उठली. हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत धुतले, आणि येऊन पाटावर बसली. मी पहिल्यांदाच तिच्या कानांवर गेलो. तिच्या कानशिलातली शीर माझ्या गादीखाली उडत होती. कॅसेट फिरली. आता तिच्यात बुवा नव्हते, पखवाज नव्हता, कोरस नव्हता. एकटाच कुणीतरी गात होता, अगदी जवळून. शेवटचं अक्षर त्याने उशिरा सोडलं.

तिने मला उतरवून मांडीवर धरलं.

“बाबाच मां, आये?”

“तोच.” तिने ओल्या झालेल्या डाव्या गादीवरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं, आणि दाराबाहेर दर्याकडे मान वळवली. “पण त्या सांजेक तो देवळात नाय होतो गो.”

“तूच तर सांगलंस, पहाऱ्याक गायलो म्हणान.”

“त्याच दिसा सकाळी तेचा वल्हा माका पुळणीर गावला, मोडलेला. मी काय ता समाजलंय. सांगलंय आसता तर वाडीक सुतक लागला असता, पहारो मोडलो असतो, सप्तो मोडलो असतो. म्हणान वल्हा लाकडांमागे लपवलंय आणि तुका घेवन देवळात जावन बसलंय. गर्दीत कोणी इचारूक नाय.” तिचा आवाज खाली गेला. “ते सगळे थंय गायत होते मां, तेवा तो दर्याच्या तळाक होतो.”