गौराची झडती

पोळ्याला दोन दिवस उरले असताना गुलाबराव पाटील स्वतःच्या पायांनी दारात आले, तेव्हाच रुक्मिणीबाईंनी ओळखलं की पाटलांचं कुठंतरी अडलंय. एरवी हा माणूस त्यांच्या गल्लीत मतं मागायलासुद्धा दुसऱ्याला पाठवायचा.

अडलं होतं ते असं. मोताळ्याजवळच्या या गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जाते, तो त्यांच्या घराण्याचा मान. पण उन्हाळ्यात पाटलांनी दुसरा ट्रॅक्टर घेतला आणि बैलांना बाजार दाखवला. आता मान घरात होता आणि गोठा रिकामा. नाव घ्यावं अशी जोडी गावात एकच उरली होती, रुक्मिणीबाईंची. मुलगा गोपाल खामगावला तेलाच्या मिलमध्ये कामाला, त्यामुळे वावर आणि बैल दोन्ही सून रुपालीच्या हाती. तिनं बैल असे राखले होते की पाठीवर माशी बसली तर घसरून पडावी.

"काकू, यंदा तुमची जोडी मानाची म्हणून लावतो," गुलाबराव म्हणाले. "आमचा गडी येईन न्यायले."

"बैल ज्याच्या हातचं खातेत त्याच्याच संगं चालतेत. रुपाली आणीन."

गुलाबरावांनी मान खाजवली. "येऊ द्या. पण मुक्यानं. झडती बाप्यायनंच म्हणाव. तुमाले तं माहीतच हाय."

माहीत होतंच. झडती म्हणजे तोरणापाशी खड्या आवाजात म्हणायच्या चार ओळी. त्यात कुणाची खोड काढावी, कुणाला टोमणा मारावा, आणि शेवटी साऱ्या गावानं 'हर हर महादेव' म्हणून ती उचलून धरावी. गावानं उचलली नाही तर झडती पडली, आणि म्हणणाऱ्याची लाज गेली.

तीसेक वर्षांपूर्वी रुक्मिणीबाईंची पडली होती. नवरा गेला त्या साली त्यांनी स्वतः वखर धरला, स्वतः तिफण धरली, आणि पोळ्याला स्वतःच बैल घेऊन तोरणापाशी गेल्या. तरणी विधवा, मोकळं कपाळ, हातात कासरा. गुलाबरावांच्या वडिलांनी 'घरा जाय' म्हटलं, तर या बाईनं तिथल्या तिथं झडती जुळवून त्यांच्या तोंडावर म्हटली. कुणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. गाव नुसतं गप्प राहिलं. शिव्या परवडल्या असत्या. ते गप्प राहणं मात्र त्यांच्या कानात घर करून बसलं. पुढं त्यांच्या बैलांची पूजा घरच्या अंगणातच होत आली. ती झडती मात्र त्यांनी सोडली नाही. निंदायला बाया आल्या की वावरात म्हणून दाखवायच्या आणि बाया पोट धरून हसायच्या. पण कुणी 'हर हर महादेव' म्हणायला गेली की तिला अडवायच्या. "ते तोरणापाशीच," म्हणायच्या.

आता त्यांनी गुलाबरावांकडं बघितलं. "तोंड तिचं हाय. तिलेच इचारा."

रुपाली गोठ्यापाशी बैलांसाठी ढेप कालवत होती, कालवतच राहिली. गुलाबरावांनी त्याचा अर्थ होकार असा लावला आणि खुशीत निघून गेले. बाईला ओळखण्यात चुकणारी ही त्या घरातली दुसरी पिढी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना रुक्मिणीबाईंनी विषय काढला. "तू म्हणशीन, मले माहीत हाय. पण नको म्हणू, पोरी. मी कोणाले भ्याली नाही आजवर. पण सारं गाव समोर उभं अन् कोणी हूं की चूं करत नाही, ते लय वाईट असते. तुह्या वाट्याले नाही येऊ देणार मी."

रुपालीनं बैलाच्या वशिंडावरून हात फिरवला. "आत्याबाई, तुमची झडती पडली असं कोण म्हणते? ते तिथंच थांबून राह्यली हाय."

पोळ्याच्या दिवशी रुक्मिणीबाई मारुतीच्या पारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रीतीनं बाया घरी थांबतात, बैल दारात आले की ओवाळतात. रीत त्यांनी कधीच गुंडाळून ठेवली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग अशी जोडी घेऊन रुपाली सगळ्यांच्या पुढं होती. गुलाबरावांनी सरकारवर एक झडती म्हटली, गावानं उचलली. मग त्यांनी जोडी हाकायची खूण केली.

रुपाली जागची हलली नाही. "थांबा भाऊ. जोडीवाल्याची झडती राह्यली." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं आवाज लावला.

"वावर पेरलं बाईनं, निंदण केलं बाईनं,
बैल राखले वर्षभर लेकरावानी आईनं.
तोरणाखाली आली तं म्हणता, बाई, जाय घरा,
महादेवाच्या बाजूले मंग काऊन बसली गौरा?"

गाव गप्प झालं. तेच गप्प, ओळखीचं. गुलाबराव तोरणाची पानं न्याहाळू लागले.  रुक्मिणीबाईंना संताप आला. यंदा नाही पडू द्यायची, त्यांनी ठरवलं. कोणी नाही तर मी एकटी म्हणीन. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"हर हर महादेव!"

आवाज त्यांचा नव्हता. तो पाठीमागून आला होता. त्यांनी वळून पाहिलं, तर निंदणाला येणाऱ्या साऱ्या बाया आरतीची ताटं घेऊन दारं सोडून आल्या होत्या. रुक्मिणीबाईंची ही झडती त्यांना वावरातच पाठ झाली होती. फक्त तोरणापाशी म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

बाप्यांत पहिल्यांदा म्हातारे मोतीराम बोलले, मग पोरं, मग जो तो. दुसऱ्या खेपेला असा गजर उठला की बैल बिचकले आणि रुपालीला ओढत तोरणाखालून पार झाले. मानकरी गुलाबराव वेळेवर बाजूला झाले म्हणून बरं.

भरलेला श्वास रुक्मिणीबाईंच्या छातीत तसाच होता. सगळे थांबल्यावर तो बाहेर पडला, "हर हर महादेव," फाटक्या आवाजात, एकटाच. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावाच्या मागं राहिल्या होत्या.