कारल्याची नुकसानभरपाई

एक कारलं. पिकून पिवळं झालेलं, कोणी न तोडलेलं.

प्लास्टरमध्ये उमटलेला कुणा परक्या माणसाचा खालचा जबडा.

बकरी. दुसऱ्याच्या शेतात.

सोन्याची टोपी, जी कुठल्याही डोक्यावर बसत नाही.

'कळवताना आम्हाला अतिशय दुःख होत आहे', अशी अतिशय आनंदी रंगांत रंगवलेली पाटी.

ही पाटी कवळीवाल्याने दुपारच्या सुट्टीत फोनवर वाचली आणि तोंडातला घास तोंडातच ठेवला. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देई, म्हणून सगळे त्याला कवळीवाला म्हणत. तो रोज खेळत असलेला शेतीचा ऑनलाइन खेळ महिनाअखेरीला कायमचा बंद होणार होता.

जग बुडत नव्हतं. फक्त त्याची बहीण बुडणार होती.

ताईशी बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. कारण अर्थातच उदात्त होतं: आईचं लाकडी कपाट. ती म्हणाली माझं, हा म्हणाला माझं, आणि दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. पण खेळातली त्यांची शेतं आधीपासून लागून होती, आणि नियम असा की आपल्या शेताला आपण पाणी घालायचं नाही. ते शेजाऱ्याने घालायचं. त्यामुळे ही दोन स्वाभिमानी माणसं रोज न चुकता एकमेकांच्या वांग्यांना पाणी घालत. अबोला अबोल्याच्या जागी, वांगी वांग्यांच्या जागी.

एकदा ताईने त्याच्या बांधावर कारली लावली, कारण कारलं नुसतं बघूनही याचं तोंड लहानपणापासून वाकडं होई. याने आपली बकरी तिच्या पालकात सोडली. इतका मोकळा संवाद त्यांच्यात बोलणं चालू असतानाही झाला नव्हता.

त्याने मदतकेंद्राला फोन लावला.

"तुमचं नेमकं काय नुकसान झालं, सर?" मुलीचा आवाज मधाळ होता.

"शेत जातंय माझं."

"ते तुमचं नव्हतंच, सर. तुम्ही अटी मान्य केल्या होत्या."

"अटी कोण वाचतं?"

"मीही नाही वाचत, सर. पण भरपाई म्हणून आमच्या नव्या खेळात तुम्हाला सोन्याची टोपी मिळेल."

"म्हणजे टोपीच घालताय."

"हो, सर," ती निरागसपणे म्हणाली.

"मला टोपी नको. मला शेजार पाहिजे."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली. "शेजार या प्रकारात भरपाई दिसत नाही, सर."

बायको शेजारी बसून ऐकत होती. "अहो, सरळ ताईंना फोन करा ना."

"आधी तिने करावा. मला काही मान आहे की नाही?"

"बकरी सोडताना तो मान कुठे बांधून ठेवला होता?"

खेळ बंद झाला. त्या आठवड्यात त्याच्या हातून एक कवळी अशी उतरली, की डॉक्टरांनी विचारलं, "हे आजोबा कुणावर चिडलेत?"

शेवटी नाइलाजाने त्याने नवा खेळ डाउनलोड केला. बर्फाळ डोंगरात बंदुका घेऊन माणसं मारायची. शेतकऱ्यांची सोय कंपनीने किती विचारपूर्वक केली होती. जुन्या शेजाऱ्यांची आपोआप जोडी लागत होती. इथला नियम असा, की आपल्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही; ते जोडीदाराने माइकवर सांगायचं.

समोर दुसरी सोन्याची टोपी उभी होती.

दोन्ही टोप्या बाणेदारपणे गप्प राहिल्या, आणि यथावकाश दोघींना गोळ्या लागल्या. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यातही तेच. कपाटापायी माणसं मरतात ती अशी.

चौथ्या डावात कानात आवाज आला.

"मागे वळ, गाढवा."

तो वळला आणि वाचला.

"कारली का लावलीस?" त्याने विचारलं.

"आधी बकरी सुटली होती."

"आधी कारली."

"आधी गोळी झाड, मग भांड."

याला नुकसानभरपाई म्हणायचं का, हे त्याने मदतकेंद्राला विचारलं नाही. त्यांनी ती परत मागितली असती.

आईचं कपाट खोलीच्या आतच बांधलेलं होतं. ते दारातून बाहेर निघणार नाही, हे सुताराने भांडणाच्या आदल्या दिवशी दोघांनाही सांगितलं होतं.