वर गेलेले हात

उमापुरात त्या उन्हाळ्यात टँकर दिवसाआड यायचा. एकट्या माणसाला दोन घागरी.

गावाबाहेर सूतगिरणीच्या पायाभरणीचा दगड होता. गिरणी कधी झालीच नाही. दगडाला शेळ्या अंग घासायच्या.

गावच्या विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरावाची दोन वाक्यं झाली की "मंजूर, मंजूर" असा गलका उठायचा, कारण मागं चिवडा आणि चहा तयार असायचा. ठराव कुणी ऐकत नसे. सगळे सचिवाच्या हाताकडं बघायचे. त्याचा वर गेला की सगळ्यांचा वर.

"जेवलात का सर?" रोज दुपारी एक वाजता राधाकिशनला फोनवर कोवळा आवाज विचारायचा.

बीडच्या हॉटेलातला हॉल इतका गार होता, की त्याच्यासोबत आलेल्या भामाबाईनं पदर कानाभोवती गुंडाळून घेतला.

राधाकिशन तीस वर्षं त्या सोसायटीचा सचिव होता. तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी बायको सुंदरबाई गेली. लेक सासरी, लांब. "शिक्रेटरी, आमचं तेवढं बघा," म्हणत मागं फिरणारे लोक आता नव्या सचिवाच्या मागं फिरत होते. दोन दोन दिवस त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही. टँकरवाल्याला "दोनच का?" विचारायचा, तेवढंच बोलणं.

अशात मोबाईलवर जाहिरात आली: जमिनीतून श्रीमंती, दोन तास, मोफत. तो गेवराईला जाऊन आला. तिथं सांगितलं, खरं गुपित अकराशे रुपयांच्या शिबिरात आहे. त्या शिबिरात सांगितलं, खरं गुपित बीडच्या शिबिरात आहे. हाच त्यांचा धंदा. एका दारातून दुसऱ्या दारात न्यायचं, आणि प्रत्येक दार आधीच्यापेक्षा महाग. पण राधाकिशन गुपितासाठी जात नव्हता. पहिल्या दिवसापासून त्यांच्या ऑफिसातली तन्वी रोज एकला फोन करायची. "जेवलात का सर? गोळी घेतली का?" फोन येईपर्यंत तो ताट वाढून नुसता बसून राही.

मग एक दिवस ती म्हणाली, "सर, गावाचा तुमच्यावर विश्वास आहे. कुणाला तरी सोबत आणा ना. त्यांचंही भलं होईल."

त्यानं शेजारच्या भामाबाईला आणलं. भामाबाई शाळेत खिचडी शिजवायची. दोन वर्षांमागं तिचा नवरा उसाचा ट्रॅक्टर उलटून गेला होता. त्याच्या विम्याचे पैसे तिनं लेकीच्या नर्सिंगसाठी बँकेत जसेच्या तसे ठेवले होते.

"भाऊ, मला ह्यातलं काई कळत न्हाई," ती एसटीत म्हणाली होती. "पोरीचं तेवढंच हाय."

"मी हाय ना."

"तुमी हाय म्हनून तर आले. न्हाईतर मी कावून बीडला मरायला जाते?"

हॉलच्या दारात काळ्या कोटातल्या मुली होत्या. एकीच्या बिल्ल्यावर तन्वी असं नाव होतं. राधाकिशननं ते दोनदा वाचलं. तो जवळ गेला. "मी राधाकिशन. उमापूरचा."

"हो हो सर!" तिनं हातातल्या यादीवरून नजर न काढता विचारलं, "जेवलात का?" आणि तोंड वळवून, त्याच चालीत, मागच्या माणसाला, "जेवलात का सर?"

तो खुर्चीत जाऊन बसला. भामाबाईनं विचारलं, "वळखीची हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला.

मंचावर शिबिर घेणारे समर सर आले. गाणं दणदणलं. सरांनी आपली गरिबी सांगितली, आईचं मोडलेलं मंगळसूत्र सांगितलं, डोळे पुसले आणि मग पडद्यावर एक मोठा रस्ता दाखवला. रस्ता अजून व्हायचा होता, पण त्याच्या कडेचे प्लॉट हिरव्या रंगात रंगवलेले होते.

"डायमंड मेंबरशिप! किंमत आठ लाख. आज, फक्त ह्या दाराच्या आत, साडेतीन. कुणाला घरी विचारायचंय? घरी विचारणारे घरीच राहतात!" लोक हसले. "ज्यांची हिंमत आहे त्यांनी हात वर!"

राधाकिशनचा हात वर गेला.

त्याला कळलंसुद्धा नाही. तीस वर्षांची सवय. त्यानं शेजारी पाहिलं. भामाबाईचाही हात वर होता, आणि ती मंचाकडं बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडं बघत होती.

त्याला सुंदरबाई आठवली. जुन्या एका सभेत सूतगिरणीच्या शेअर्सची रक्कम सभासदांच्या पैशातून कापून घ्यायचा ठराव होता. सगळे हात वर. बायांच्या मागच्या रांगेतून, नावावर दीड एकर असलेली सभासद, त्याची स्वतःची बायको, उभी राहिली होती. "शिक्रेटरी, आदी समदा ठराव वाचा की."

"घरी वाचून घ्या वैनी!" चेअरमन माणिकराव म्हणाले होते. सभा हसली होती. राधाकिशनही हसला होता.

तन्वी फॉर्म घेऊन आली. तिनं भामाबाईच्या बोटांत पेन दिलं.

"मॅडम," राधाकिशन म्हणाला, "आदी हे समदं वाचून दाखवा."

"सर, डिटेल्स व्हॉट्सॲपवर येतील. ऑफर पाच मिनिटंच आहे."

"काका घाबरले!" समर सर माईकवर म्हणाले. हॉल हसला.

ह्या वेळी राधाकिशन हसला नाही. त्यानं कागद ओढून घेतला, चष्मा लावला. बारीक अक्षर वाचण्यातच त्याची हयात गेली होती. तो उभा राहिला आणि सभेत वाचायचा त्या आवाजात वाचू लागला: "भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. नफ्याची कोणतीही हमी कंपनी देत नाही." कुणीतरी गाणं मोठं केलं. तो आणखी मोठ्यानं वाचत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "भामाबाई, हात खाली घ्या."

"तुमचाच तर वर व्हता, भाऊ."

"चुकला माझा."

तिनं पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी हॉलमध्ये बऱ्याच जणांनी सह्या केल्या. मागच्या रांगेतले दोघं तेवढे ह्या दोघांच्या पाठोपाठ बाहेर आले. एसटीत गेवराईपर्यंत भामाबाईनं पिशवीतलं बँकेचं पासबुक दोनदा काढून पाहिलं. मग म्हणाली, "मला तर आदीच वाटलं व्हतं, काईतरी खोट हाय."

"मग बोलल्या कावून न्हाई?"

"तुमच्या म्होरं?"

दुसऱ्या दिवशी एक वाजला. फोन वाजला नाही. राधाकिशन ताटावर बसून राहिला. तीन वाजता त्यानं वाळलेली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर खाल्ली, ताट विसळून पाणी बादलीत साठवलं आणि बीडहून आणलेला तो कागद घेऊन बाहेर पडला. मोबाईलवर असली जाहिरात गावात अजून कुणाकुणाला आली असेल, त्यांच्या ओसरीवर बसून त्याला तो वाचून दाखवायचा होता. सगळा. पहिल्या ओळीपासून.

सूतगिरणीच्या त्या सभेचं इतिवृत्त सोसायटीच्या कपाटात आहे. राधाकिशनच्या सुवाच्य अक्षरात शेवटची ओळ अशी: ठराव एकमताने मंजूर.