बारा वर्षांची पट्टी

रसायनशास्त्राच्या बाईंच्या बोटांना कायम काहीतरी चिकटलेलं असायचं, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे डिंकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. पण रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं, आणि मधल्या वेळात त्यांनी स्वतः बनवलेल्या प्लास्टिकची पट्टी. ओल्या मातीत पुरली की दोन महिन्यांत जिवाणू ती खाऊन टाकतात, असा त्यांचा निष्कर्ष. बारा वर्षांचं काम, पाच शोधनिबंध, एक पारितोषिक.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने प्रकल्पासाठी तोच प्रयोग घेतला. एके दुपारी ती दोन बरण्या घेऊन दारात घुटमळली.

"बाई, माझंच काही चुकलं असेल. ही माती मी आधी भाजून घेतली होती. एकही जिवाणू नाही. तरी पट्टीचा भुगा झाला."

"बरण्या कुठे ठेवल्या होत्यास?"

"तुमच्याच फळीवर. भट्टीच्या मागे."

बाईंनी फळीमागच्या भिंतीला हात लावला. कोमट होती. भाजलेल्या मातीची चाचणी त्यांनी स्वतः एकदाच केली होती, जेमतेम आठवडाभर, निबंध पाठवायच्या घाईत.

त्यांनी नव्या पट्ट्या न भाजलेल्या ओल्या मातीत पुरून शेजारच्या, भट्टी नसलेल्या खोलीत ठेवल्या. दोन महिन्यांनी काढल्या तर जशाच्या तशा. जिवाणूंनी तोंडही लावलं नव्हतं. पट्टी मोडत होती ती ऊब आणि ओल यांनी.

घरी नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं काढ आणि मोकळी हो."

"आणि त्या पोरीने काय लिहायचं? खोटं?"

"तिला दुसरा विषय दे."

पाय सुजले होते, ते बाईंनी गरम पाण्यात सोडले. सकाळी त्यांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि चूक कुणी दाखवली तेही लिहिलं.

मुख्य निबंध मागे घेतला गेला. विभागप्रमुखांनी प्रयोगशाळेची खोली काढून घेतली आणि पहिल्या वर्षाच्या आणखी दोन तुकड्या बाईंच्या गळ्यात मारल्या. सहकारी चहाला हाक मारेनासे झाले. मुलीचा प्रकल्प मात्र पहिला आला. पेढे द्यायला आली तेव्हा ती रडवेली झाली होती.

"माझ्यामुळे झालं ना बाई सगळं?"

"तुझ्यामुळे कळलं. झालं माझ्यामुळेच," बाई म्हणाल्या. "आता जा. मला साठ वह्या तपासायच्यात."

ती गेल्यावर त्यांनी पहिली वही उघडली. पहिल्याच समीकरणात तोल चुकला होता. बाईंनी तो सुधारला, शेजारी कारण लिहिलं आणि दुसरी वही ओढली.