दुरुस्तीची तयारी

काशिनाथने लॅपटॉपचं बटण पुन्हा दाबून धरलं. पडदा काळा झाला, उजळला आणि तीच ओळ वर आली: दुरुस्तीची तयारी चालू आहे. ओळीखाली ठिपके गोल फिरत राहिले.

पलंगावर उशांना टेकून त्याची बायको प्रमिला ते पाहत होती. आजारात आधी तिचे हातपाय गेले, मग वाचा. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालत होतं. त्या बोटाने ती अक्षरं दाबायची आणि लॅपटॉप तिच्यासाठी बोलायचा.

दुपारी डॉक्टर साकेत नगरहून कारखान्याच्या टाउनशिपमधल्या या क्वार्टरवर येणार होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. प्रमिलाला आता गिळता येत नव्हतं, श्वासही पुरत नव्हता. गळ्यात नळी घालून तिला यंत्रावर ठेवायचं की नाही, हे त्या तिलाच विचारणार होत्या. प्रमिलाला नळी नको होती. काशिनाथला हवी होती. तो विषय निघाला, की तो काहीतरी काम काढून बाहेर पडायचा.

डॉक्टरांसमोर मध्येच व्यत्यय नको, म्हणून सकाळी त्यानेच अपडेटला होकार दिला होता. तेव्हापासून लॅपटॉप सुरूच होत नव्हता.

शेजारच्या क्वार्टरमधला सदाशिव कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. काशिनाथने त्याला बोलावून आणलं. त्याने दुरुस्ती चालवून पाहिली. ती जमत नाही, असं लॅपटॉपनेच सांगितलं. आता सगळं पुसून नव्याने भरायचं तर रात्र होईल, सदाशिव म्हणाला. नाहीतर सकाळचा अपडेट काढून टाकून पाहायचा, पण त्याने जमेलच असं नाही.

मग त्याने काशिनाथला दाराशी नेलं आणि आवाज खाली आणला.

"आज राहू दे. वहिनींना बोलता आलं नाही, तर डॉक्टर तुलाच विचारतील."

काशिनाथ स्वयंपाकघरात गेला. त्याने नळ सोडला आणि पाणी न घेताच बंद केला. परत आला तेव्हा प्रमिला लॅपटॉपकडे पाहत नव्हती. त्याच्याकडे पाहत होती.

"काढ तो अपडेट," तो म्हणाला.

"नक्की?"

"काढ."

काम संथ चाललं. खाली गाडी थांबली, जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर येऊन प्रमिलाची नाडी पाहू लागल्या, तरी ठिपके फिरतच होते. काशिनाथच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

ठिपके गेले. पडद्यावर नेहमीचा बड्या तलावाचा फोटो उमटला.

सदाशिवने हात पुढे करायच्या आत काशिनाथने लॅपटॉप उचलला, पलंगावरच्या टेबलावर ठेवला आणि प्रमिलाचा हात उचलून तिचं बोट अक्षरांवर टेकवलं.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. बोट हळूहळू फिरू लागलं. काशिनाथ खिडकीच्या गजांकडे पाहत राहिला.

"मुझे नली नहीं चाहिए," लॅपटॉप सपाट आवाजात बोलला.

डॉक्टरांनी काशिनाथकडे पाहिलं. ती म्हणते तसंच लिहा, एवढंच त्याने हिंदीत सांगितलं.

प्रमिलाचं बोट अजून थांबलं नव्हतं. या वेळी ती मराठीत लिहीत होती.

"अहो, तुम्ही अजून जेवला नाहीत."

त्या काय म्हणाल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. सांगायला काशिनाथने तोंड उघडलं, आणि तो तसाच पलंगाच्या कडेवर बसला.