पत्र्याचं पाणी

शिंप्याने कात्री टेबलावर आपटली आणि तो तरातरा रस्त्यावर आला, तेव्हा पाहणीवाल्या बाई समोरच्या बाकावर बसून पाव खात होत्या. हातातला घास हातातच राहिला.

"काय म्हणालास?" शिंप्याने विचारलं.

"तुझ्या पत्र्याचं पाणी माझ्या पिठात पडतंय, असं म्हणालो," बेकरीवाला दारातूनच म्हणाला. "दोन पोती गेली. बहिरा झालास का?"

यादवी संपून काही वर्षं झाली होती. इथली शांतता टिकेल का, चौकातली लष्कराची चौकी आता उठवावी का, हे ठरवायला बाईंना पाठवलं होतं. आठवडाभर त्या गल्लीबोळ पालथे घालत होत्या आणि जो तो साखर पेरत होता. हे दोघे तर कहर. शिंपी एका बाजूचा, बेकरीवाला दुसऱ्या बाजूचा. दुकानांमधली भिंत एकच. लहानपणी एकाच गल्लीत धुडगूस घातलेले हे शेजारी यादवीनंतर एकमेकांना 'अहो-जाहो' करत. कचेरीत बाईंना शंकेखोर म्हणत ते उगाच नाही. त्यांना धास्ती वाटत होती ती या गोडव्याचीच. ज्या घरात भांड्याला भांडं लागत नाही तिथे चूल पेटत नसावी, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या.

आणि आज गाडी थेट 'अरे-तुरे'वर आली होती.

रस्ता मात्र गारठला. भाजीवालीने फळी ओढून घेतली. दोन दुकानांची शटरं अर्ध्यावर आली. बघता बघता बघ्यांचे दोन गट झाले. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पाय आपोआप वळले. बाईंनी मान वळवून चौकीकडे पाहिलं. वाळूची पोती होती, जाळी होती. जवान नव्हता.

त्यांनी फोन काढला. कॅप्टनचा नंबर समोरच होता. अंगठा टेकवला की गाडी येणार, बंदुका येणार, आणि हे भांडण इथेच गाडलं जाणार, जिवंतच. नाही टेकवला तर काय होईल, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अजून एक वाक्य ऐकू, त्यांनी ठरवलं. फक्त एक.

"पिठाचं सांगतोस?" शिंप्याचा आवाज खाली आला, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. "लढाईत माझा भाऊ जीव वाचवायला याच दारावर थापा मारत होता. उघडलंस?"

बेकरीवाल्याच्या हातात भट्टीतले पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं होतं. ते खांद्यापर्यंत उचललं गेलं. बाई बाकावरून उठल्या. फोन मात्र त्यांनी मुठीत तसाच धरून ठेवला.

"नाही उघडलं," बेकरीवाला म्हणाला. "आत पोरं होती. घाबरलो. तू उघडलं असतंस?"

शिंप्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

फावडं हळूहळू खाली आलं. बेकरीवाल्याची बायको मागून पुढे आली, तिच्या कोपरापर्यंत पीठ.

"तुमच्या भावाचं बोलायचं तर घरात येऊन बोला," ती शिंप्याला म्हणाली. "दोघांनी बसून बोला, किती वेळ लागायचा तो लागू दे. रस्त्यात बोलायचं तर पत्र्याचं बोला."

"पत्रा वाकडा बसलाय," शिंपी वर बघत म्हणाला.

"ते आंधळ्यालाही दिसतंय," बेकरीवाला म्हणाला.

एक शटर वर गेलं. मग दुसरं. बाईंना वाटलं, धावत जाऊन कुणाला तरी मिठी मारावी. त्याऐवजी त्यांनी उरलेला पाव दोन घासांत संपवला आणि रस्ता ओलांडला.

"बाई, एवढं करा," बेकरीवाला त्यांना बघताच हळू आवाजात म्हणाला. "चौकी उठवू नका. बंदूक बघतेय म्हणून तोंड उघडायची हिंमत झाली. नाहीतर आज काही खरं नव्हतं."

शिंप्यानेही मान हलवली.

बाई काही बोलणार, तोच न्हाव्याच्या दुकानातून जवान धावत बाहेर आला. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालावर साबण, बंदूक काखेत.

"कॅप्टनसाहेबांना सांगू नका, बाई," तो धापा टाकत म्हणाला. "खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळाच लागला. काही झालं का इथे?"

बेकरीवाल्याने चौकीकडे पाहिलं. मग जवानाकडे. मग शिंप्याकडे. शिंपीही त्याच क्रमाने बघत होता.

"काही नाही झालं," बाई म्हणाल्या. "दाढी पुरी करून घ्या. सावकाश."

जवान गोंधळून परत गेला. शिंपी बेकरीवाल्याच्या बायकोकडे वळला.

"वहिनी, शिडी आहे का? पत्रा सरळ करतो."

"शिडी तुमच्याकडेच आहे," ती म्हणाली. "लढाईच्या आधी नेली होतीत."

"मग मागितली का नाही इतकी वर्षं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि तो न विचारता शिंप्याच्या दुकानात शिरला; शिंपी त्याच्या मागोमाग. आतून कापडाचे गठ्ठे हलवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोघांच्या भांडणाचाही, शिडी आधी कुठल्या बाजूने बाहेर काढायची यावरून.