रुमालातली भाकर

माझ्या बायकोला झटका आला त्याला सतरा दिवस झाले होते, तेव्हा मला तिचा अंगठा दिसला. रोजच दिसत होता म्हणा, पण त्या दिवशी मी नीट पाहिला. तिची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डावा हात तेवढा चादरीवर पडलेला असायचा आणि त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, त्याला अर्थ नसतो.

मी जन्मभर विटांचे थर मोजलेला गवंडी. बसल्या बसल्या मोजलं. दहा झाले की अंगठा थांबत होता. एक श्वास घेण्याइतका थांबून पुन्हा दहा. पाचव्यांदा दहा झाले तेव्हा मला उमगलं. तिच्या माहेरच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. ती जपमाळ ओढत होती. हातात माळ नसताना.

ती कॅथलिक घरातली, मी प्रॉटेस्टंट. आमच्यात त्यांना मेणबत्तीवाले म्हणत आणि त्यांच्यात आम्हाला बाकडेवाले, कारण आमच्या चर्चमध्ये बाकड्यांशिवाय बघण्यासारखं काही नाही. हे हसण्यावारी न्यायला हवं होतं, कुणी नेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या वडिलांच्या स्वयंपाकघरात, तिच्या थोरल्या भावादेखत, तिच्याकडून शब्द घेतला. लग्नानंतर त्या चर्चच्या दारात पाय ठेवायचा नाही, त्यांचा कुणी फादर आपल्या घरी प्रार्थनेला बोलवायचा नाही आणि माळ घरात आणायची नाही. आमच्या पाळकांनीही असं काही मागितलं नव्हतं. माझीच खुमखुमी. तिने हातातली माळ भावाकडे दिली आणि म्हणाली, "बरं."

त्याला एकेचाळीस वर्षं झाली. दर रविवारी ती माझ्या शेजारी बसली. मला अक्षरंही तिनेच शिकवली, माझ्याच भजनाच्या पुस्तकावरून, थापी धरणाऱ्या हातात पेन्सिल देऊन. त्या शब्दाचा विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटलं, विसरली.

झटक्यानंतर सुनेने तिच्याशी बोलायची एक रीत बसवली होती. आपण विचारायचं. हो असेल तर तिने डोळे मिटायचे, नको असेल तर उघडे ठेवायचे. पाणी? मिटायची. खिडकी लावू? उघडे. कधी चुकत नव्हती. मी खाटेवर बसलो आणि विचारलं, "तुझी माळ आणू का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे उघडेच.

"तुझा शब्द सुटला. मीच सोडला."

उघडेच. अंगठा मात्र चालू.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या भावाकडे गेलो. तो शिंपी. जिन्याखालच्या खोलीत दोन मशीन, भिंतीला टांगलेले कापणीचे कागदी नमुने, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. तो एका कोटाची बाही लावत होता, ओठांत टाचण्या होत्या. त्याने मला पाहिलं, एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली आणि म्हणाला, "या गवंडीबुवा. एकेचाळीस वर्षांनी विजार ढिली झाली वाटतं?"

"तिची माळ आहे का तुमच्याकडे?"

त्याचं तोंड उतरलं. "कशी आहे ती?"

"पडून आहे. बोलत नाही."

"कानावर आलं होतं."

"मग आला का नाहीत?"

"तुमच्या घरात मेणबत्तीवाल्याला बसायला मिळेल की नाही, माहीत नव्हतं."

मी त्याला अंगठ्याचं सांगितलं. तो बराच वेळ पायाने मशीनची पट्टी उगाच हलवत राहिला. मग दोऱ्यांच्या खणातून माळ काढली, पण हातात दिली नाही. "नुसत्या माळेने काय होणार? फादरांना सांगावं लागेल. आणि तुम्ही काय सांगणार? आमच्या मिस्साला, रविवारच्या उपासनेला आलात कधी? ती कशाला मुकली ते बघा तरी. रविवारी या."

"आणि ती एवढी वर्षं कुठे बसली, ते तुम्ही बघितलंत?"

त्याने सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला ओवला गेला. "आधी तुम्ही या. मग मी तुमच्या चर्चला येईन."

रविवारी सुनेला तिच्याजवळ बसवून मी शिंप्याबरोबर त्यांच्या चर्चला गेलो. दारातच मी थबकलो. आत धूर असेल, पुतळ्यांसमोर लोक लोळण घेत असतील, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आत निघाल्या गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या. वेदीमागच्या भिंतीला ओल लागली होती आणि गिलावा फुगला होता. माझा हात शिवशिवला. माझ्या पुढच्या रांगेत पाच-सहा बायका होत्या आणि प्रत्येकीचा अंगठा माळेवरून फिरत होता. अगदी तस्साच. मला मान वर करवेना.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे प्रभुभोजनाला कुणाच्या तरी घरची भाकर असते. पाळक ती मोडतात, ताट बाकड्याबाकड्यावरून हातोहात पुढे जातं. घरी कुणी आजारी असेल तर त्याच्या वाटचा तुकडा घरचं माणूस स्वच्छ रुमालात बांधून नेतं. यात विचारायचं काही नसतं. आधीचे दोन रविवार मी तसाच नेला होता. त्या दिवशीही मी खिशात धुतलेला रुमाल घालून आलो होतो.

लोक भाकर घ्यायला रांगेने पुढे जाऊ लागले. शिंपी पुढे निघून गेला, मी मागे कुठेतरी रांगेत शिरलो. फादरांनी माझ्या तळहातावर ती पातळ गोल भाकर ठेवली आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." मी म्हणालो, "आभारी आहे." बाजूला झालो, रुमाल उघडला, भाकर मध्ये ठेवली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

एका म्हातारीने माझी बाहीच पकडली. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. गाणं अर्ध्यावर विस्कटलं. शिंपी माझ्यापर्यंत पोचला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"काय केलंत हे?"

"तिच्यासाठी घेतली."

"खिशात? काढा. नाही, हात नका लावू. थांबा."

मिस्सा संपल्यावर फादरांनी आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत नेलं, जिथे त्यांचे झगे टांगलेले असतात. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी रुमाल टेबलावर उलगडला, भाकर उचलून स्वतः खाल्ली, मग रुमालावरचे कण बोटाने टिपून तेही खाल्ले. मी कामावरून हाकललेल्या मजुरासारखा उभा होतो.

"कुणासाठी नेत होता?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. शब्दाचंही.

"ही फक्त आमच्यातल्यांनी घ्यायची आणि तिथेच खायची. तुम्ही ही घ्यायला नको होती," ते म्हणाले, "आणि अशी न्यायला तर मुळीच नको. पण हे तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं." त्यांनी शिंप्याकडे पाहिलं.

"फादर, मला वाटलं हा माणूस बाकड्यावरून उठायचाच नाही."

फादर हसले नाहीत. "मी दुपारी घरी येतो. ती आमचीच आहे."

दुपारी आम्ही तिघे घरी आलो तेव्हा सून माझ्या बायकोचे केस विंचरत होती. भावंडं इतकी वर्षं रस्त्यात भेटली होती, एकमेकांच्या दारात नाही. शिंपी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "कशी आहेस गं?" एवढंच म्हणाला. उत्तर येणार नव्हतं. मग त्याने माळ काढून तिच्या डाव्या हाताशी ठेवली.

तिचा अंगठा थांबला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मधेच थांबला. मग तिने दोन बोटांनी माळ ढकलली. हळूहळू, चादरीच्या कडेपर्यंत. ती खाली पडणार होती, शिंप्याने झेलली.

फादर तिच्या तोंडाशी वाकले. "बाई, मी तुमच्यासाठी प्रार्थना करून आजाऱ्यांचं पवित्र तेल लावू? ख्रिस्तप्रसादाची भाकर देऊ? हवं असेल तर डोळे मिटा."

तिने फादरांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. डोळे उघडे.

"मी सांगतो ना," मी म्हणालो. "माझी चूक होती. मीच त्यांना घेऊन आलोय. मिट डोळे."

ती पाहतच राहिली. डोळ्यांतून पाणी गळून कानाकडे गेलं, तरी पापणी लवू दिली नाही. चुकूनही मिटू नयेत म्हणून धरून ठेवले होते तिने.

"अगं, ऐक माझं."

"तुम्ही सांगून नको," फादर मला म्हणाले. "त्यांचं त्यांनी सांगायला हवं."

"हिला कळत नाहीये," मी म्हणालो. तसं मानणं मला सोयीचं होतं.

सून पुढे झाली. "आई, पाणी हवं का?"

तिने लगेच डोळे मिटले.

फादर उभे राहिले, मनातल्या मनात काहीतरी म्हणाले, त्यांच्या पद्धतीने हवेत क्रूस काढला. दाराशी म्हणाले, "मी पुन्हा येईन. रोज विचारा, पण आग्रह नको." मी रोज विचारलं. आग्रहही केला. सकाळी, दुपारी, रागावून, हात जोडून. ज्या माणसाने शब्द घेतला त्यालाच तो परत देता येईना. माझ्या कामात असं नव्हतं. भिंत वाकडी आली तर पाडून पुन्हा बांधता येत होती.

पुढच्या रविवारी शिंपी ठरल्याप्रमाणे आमच्या चर्चला आला. इस्त्रीचा कोट घालून, जसा काही कोर्टात साक्षीला आला होता. मी बाकड्यावर सरकलो, तो माझ्या डाव्या बाजूला बसला.

"इथे बघायचं कुठे?" तो कुजबुजला.

"समोर."

"समोर भिंत आहे."

"तीच."

"तुम्हीच बांधली असेल."

"गिलावा माझा आहे. ओल नाही बघा."

तो नाकातल्या नाकात हसला. भजनं त्याला येत नव्हती, पण एका चालीवर त्याची बोटं गुडघ्यावर हलली. मग भाकरीचं ताट आलं. मी माझा तुकडा घेतला, तिच्यासाठी एक रुमालात घेतला आणि ताट त्याच्याकडे दिलं. त्याच्या चर्चच्या नियमाने त्याला आमची भाकर घेता येणार नव्हती, मला आता ते माहीत होतं. त्याने ताट दोन्ही हातांनी धरलं आणि तसाच बसून राहिला. खाल्लं नाही, पुढेही दिलं नाही. मग सावकाश पलीकडे दिलं.

पलीकडे एक निवृत्त शिक्षिका बसतात. उपासना संपल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही ताईंचे भाऊ ना? त्याही ताट हातात घेऊन अशाच थांबायच्या. माझ्या आपलं मनात यायचं, लवकर द्या की हो पुढे."

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. "ती इथेच बसायची?"

"जिथे तुम्ही बसलाय तिथेच."

तो माझ्याबरोबर घरी आला. मी रुमाल सोडला, तुकडा पाण्यात भिजवला आणि तिला विचारलं. तिने डोळे मिटले. चमच्याने थोडा थोडा भरवला. गिळायला तिला फार वेळ लागायचा. शिंपी ते बघत होता.

"हे घेते," तो म्हणाला.

"हे घेते."

"आणि आमचं नको."

मी तिचं तोंड पुसलं. चादरीवर अंगठा पुन्हा सुरू झाला होता.

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या हाताजवळ बसला. "बोटांचं काही बोलला नव्हतात तुम्ही, शब्द घेतलात त्या दिवशी. माळेचं बोललात, दाराचं बोललात, फादरचं बोललात. बोटांचं नाही." मग तो हलक्या आवाजात, तिच्या अंगठ्याच्या चालीने, त्यांची प्रार्थना म्हणू लागला. मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. हो की नको, कुणी विचारलंच नव्हतं.

दहा झाले की तो थांबत होता, तीही थांबत होती. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून नुसतं मोजत राहिलो.